बघूसाहेबांना लागलेला लाल टॅग

त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथंच ते पडून असायचं. बाकी सगळे त्यांना बघूसाहेब म्हणायचे. तोंडावर साहेब, पाठीमागं नुसतं बघू. माणसाला काहीही विचारा, उत्तर एकच. सुट्टी हवी? बघू. पंखा बिघडलाय? बघू. आग लागलीय? नाही, आग कधी लागली नाही, देवाची कृपा. लागली असती तर साहेबांनी आधी ती नीट पेटू दिली असती.

कारखाना लोखंडी घडीच्या खुर्च्यांचा. कुठल्याही सभेला गेलात की बुडाखाली जी येते, उघडताना बोट चावते आणि उठताना कपडा ओढते, तीच ती. या खुर्च्या जोडायच्या खात्याचे बघूसाहेब प्रमुख. रिवेट मारणारा कामगार म्हणून लागले आणि कुणाच्या डोळ्यांत न खुपता वर सरकत गेले. थोरल्या मालकांना पटकन हो म्हणणाऱ्यांची भीती वाटायची आणि नाही म्हणणाऱ्यांचा राग यायचा. बघू म्हणणारा माणूस त्यांना देवानंच धाडल्यासारखा वाटला.

आणि खरं सांगायचं तर निभतही होतं. विचारणारा एकदा विचारतो, पुन्हा विचारतो, मग कंटाळून स्वतःच काहीतरी करून मोकळा होतो. चांगलं झालं तर साहेबांनी आडकाठी केली नाही म्हणून साहेब चांगले. वाईट झालं तर साहेबांनी कुठं हो म्हटलं होतं? एकदा भोकं पाडायचं नवंकोरं मशीन आलं. कुठं बसवायचं, साहेब? बघू. टेम्पोवाल्यानं ते दारात उतरवलं आणि ते दारातच राहिलं. वर्षं गेली. माणसं अंग चोरून, तिरकी होऊन आत शिरायला शिकली. मशीननं जन्मात एक भोक पाडलं नाही, पण त्यावर डबे फार छान राहायचे.

कुणी म्हणेल, आळशी होता. आळस नव्हता हो. भीती होती. आपण ठरवलं आणि चुकलं तर? एवढीशीच भीती, पण तिनं माणसाचं अख्खं आयुष्य खाल्लं. घरीसुद्धा भिंतीचा रंग, मुलीची शाळा, मुलीचं लग्न, सगळं बायकोनं ठरवलं. मुलाकडच्यांनी लग्नाच्या बैठकीत यांना विचारलं, तुमचं काय मत? हे म्हणाले, बघू. बायकोनं टेबलाखालून असा पाय दाबला की हे पुढं कितीतरी दिवस लंगडत होते.

ही बायको त्यांच्याच खात्यात कामाला. साहेबांची बायको म्हणून सगळे तिला वहिनी म्हणायचे. जोडणीच्या रांगेत माणसं चार. सुरुवातीला पैलवान, नळ्यांना रिवेट मारायचा; अंगानं काडी, पण नाव पैलवान. त्याच्या शेजारी गायक, पत्र्याचा पाट बसवायचा आणि दिवसभर अशा सुरात गायचा की ठोकाठोकीचा आवाज बरा वाटायचा. मग मावशी, पायांना रबरी टोप्या चढवायच्या आणि कुणाशी फारसं बोलायच्या नाहीत. शेवटी वहिनी. खुर्ची उघडायची, त्यावर धपकन बसायचं, उठायचं, मिटायची, गुंडाळायची. वहिनी बसून उठल्या आणि खुर्ची मोडली नाही, तर ती गिऱ्हाइकाखाली मोडणार नाही असा कारखान्याचा विश्वास होता. हे वहिनींच्या तोंडावर कुणी बोलत नसे.

थोरले मालक थकले आणि त्यांची लेक कारभार बघू लागली. धाकट्या बाई. लहानपणी कारखान्यात खुर्च्यांच्या थप्पीखाली लपायची ती पोर आता खोलीत बसून सह्या करायची. तिनं येताना एक सल्लागार आणला आणि त्यानं लीन आणलं.

‘लीन म्हणजे सडपातळ कारखाना,’ सल्लागार म्हणाला. ‘गिऱ्हाइकाच्या उपयोगाचं नाही ते सगळं नासाडी. जास्तीचा माल नासाडी. जास्तीची हालचाल नासाडी. आणि ताटकळत उभं राहणं ही तर सगळ्यात मोठी नासाडी.’

यावर अख्ख्या खात्यानं एकाच वेळी मान वळवून कुणाकडं बघितलं, ते मी सांगायला नको.

सल्लागाराला पिवळ्या चिकटपट्टीचं भारी वेड. कचऱ्याच्या डब्याभोवती चौकोन, झाडूभोवती चौकोन, चहाच्या किटलीभोवती चौकोन. म्हणून तो पट्टीवाला झाला. कारखान्यातलं मांजर जिथं झोपायचं तिथंही कुणीतरी चेष्टेनं चौकोन आखला, आणि सगळ्या कारखान्यात आखून दिलेल्या जागी बिनतक्रार बसणारा तो एकच प्राणी निघाला. मग पट्टीवाल्यानं कामगारांची स्टुलं काढून घेतली, कारण बसून काम केलं की हालचाल मंदावते म्हणे. खुर्च्यांच्या कारखान्यात बसायला खुर्ची नाही! पैलवान म्हणाला, आता वहिनींची तपासणीसुद्धा उभ्यानंच होणार का. पट्टीवाल्यानं ते गंभीरपणे विचारात घेतलं.

निर्णय कसे घ्यायचे यावरही त्यानं तास घेतला. घाई करू नका, ज्याच्या कामाला धक्का लागणार त्या प्रत्येकाला आधी विचारा, सगळ्यांचं ऐका, आणि एकदा ठरलं की झटकन करून टाका. यातला पहिला भाग बघूसाहेबांना इतका आवडला की पुढचा त्यांनी ऐकलाच नाही. घरी येऊन बायकोला म्हणाले, ‘बघ, मी आधीपासून लीनच होतो.’

‘तुम्ही? तुम्ही लीन नाही, तल्लीन,’ बायको म्हणाली आणि कुकरकडं वळली.

मग आले लाल टॅग. नको वाटेल त्या वस्तूला कुणीही लाल टॅग बांधायचा. टॅगवर तीन रकाने: कारण, निर्णय, जागा. कारण टॅग लावणाऱ्यानं लिहायचं. निर्णय मात्र खातेप्रमुखाचा, ठेवायचं की काढायचं. ठेवायचं तर जागा कुठली तेही लिहायचं. टॅगची वस्तू कोपऱ्यातल्या लाल चौकोनात जाणार, आणि महिनाभरात निर्णय झाला नाही तर भंगारात. लोकांनी टॅग लावायची हौस भागवून घेतली. मोडक्या पाट्या, गंजलेले पाने, दारातलं मशीन, गायकानं तर पट्टीवाल्याच्या बॅगेलाही लावला. बघूसाहेबांनी एकाही टॅगवर काही लिहिलं नाही. महिना संपला, भंगारवाला आला आणि दारातलं मशीनही घेऊन गेला. दार मोकळं झालं. तरी लोक बरेच दिवस तिरकेच आत शिरत होते.

आता गंमत ऐका. हे लीन बघूसाहेबांच्या मुळावर आलं ते वेगळ्याच वाटेनं. आधी सकाळी रांग सुरू होताना सगळे विचारायचे, साहेब, आज किती खुर्च्या? आता खोक्यात कार्डं येऊ लागली. जेवढ्या खुर्च्या गेल्या तेवढी कार्डं परत यायची, तेवढ्याच नव्या करायच्या. कार्ड नाही तर खुर्ची नाही. विचारायचं काय? आधी रिवेट वाकडा बसला की विचारायचे, साहेब, हे चालेल? आता डोक्यावर एक दोरी टांगली होती. काही बिघडलं की कुणीही ओढायची, वरचा दिवा लागायचा, रांग थांबायची, चौघं जमून तिथल्या तिथं दुरुस्त करायचे आणि पुन्हा सुरू.

बघूसाहेबांना पहिले काही दिवस स्वर्ग वाटला. कुणी विचारत नाही, कुणी मागं लागत नाही. मग हळूहळू करमेना. टेबलाशी उभं राहायचं, येरझाऱ्या घालायच्या, कॅलेंडर सरळ करायचं. एकदा ते मुद्दाम गायकाजवळ जाऊन उभे राहिले.

‘काय रे, काही विचारायचंय?’

‘नाही साहेब.’

‘पाट नीट बसतायत?’

‘बसतायत की.’

‘काही वाटलं तर विचार.’

‘दोरी आहे ना साहेब,’ गायक म्हणाला आणि त्यानं पुन्हा सूर लावला.

घरी बायकोला त्यांनी हे सांगितलं नाही. पण त्या दिवशी त्यांना कळलं की आपण आयुष्यभर उत्तर दिलं नाही, तरी लोक आपल्याकडं विचारायला येत होते. त्या येण्यावरच आपलं सगळं उभं होतं. ते गेल्यावर माणूस पोकळ झाल्यासारखा झाला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

अशात धाकट्या बाईंनी त्यांना खोलीत बोलावलं. पट्टीवाला खिडकीपाशी स्टॉपवॉच पुसत उभा होता.

‘काका,’ बाई म्हणाल्या. त्या लहानपणापासून त्यांना काकाच म्हणायच्या. ‘चौघांचं काम तिघांत होतंय. मोजून झालंय. खात्यातला एक माणूस कमी करायचाय. कुणाला, ते तुम्ही ठरवा.’

‘मी?’

‘कामाच्या सगळ्यात जवळ जो असतो त्यानं निर्णय घ्यायचा. लीनमध्ये तसंच असतं.’

‘बघू,’ साहेब म्हणाले.

‘बघू नाही, काका. सोमवारी मला नाव हवं.’

बातमी साहेबांच्या आधी खात्यात पोचली. दुसऱ्या दिवसापासून पैलवान दोन हातांनी चौघांचे रिवेट मारू लागला. गायकाचं गाणं बंद झालं, आणि ते बंद झालेलं कुणालाच आवडलं नाही. मावशींनी फक्त एकदा मान वर करून साहेबांकडं बघितलं आणि पुन्हा टोप्या चढवायला लागल्या. आणि सगळ्यांनी मिळून वहिनींकडं बघितलं. बायकोला वाचवणार, एकानं म्हटलं. छे, बायकोचाच बळी देणार, दुसरा म्हणाला. वहिनी आपल्या धपकन बसत होत्या, उठत होत्या.

शनिवारी जेवताना बघूसाहेबांनी घसा खाकरला.

‘मी तुझं नाव देतो.’

बायकोचा हात थांबला. ‘का?’

‘म्हणजे कसं, लोक म्हणतील, माणूस न्यायाचा आहे. स्वतःच्या बायकोलासुद्धा सोडलं नाही.’

‘मी तपासलेली खुर्ची कधी परत आलीय?’

‘नाही.’

‘माझ्यामुळं कधी रांग अडलीय?’

‘नाही गं.’

‘मग माझं नाव का?’

‘अगं, लोक...’

‘लोक गेले खड्ड्यात!’ तिनं त्यांच्या पुढ्यातलं ताटच उचललं. ‘अहो, लोकांना भिऊन तुम्ही मला काढणार. त्यांना भ्याला नसतात तर मावशींना काढलं असतं, कारण त्या बोलत नाहीत. याला निर्णय म्हणतात? इतकी वर्षं काही ठरवलं नाहीत, आणि आता ठरवलंत तेही घाबरून! मला नोकरी जाण्याचं दुःख नाही एवढं. तुमच्या या भित्रेपणाचा मला वीट आलाय, वीट!’

रविवारी दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. पोळीवर भाजी पडत होती, पण शब्द पडत नव्हता.

सोमवारी सकाळी बघूसाहेब खात्यात शिरले आणि त्यांच्या मागून खसखस पिकली. त्यांनी वळून बघितलं, सगळे गप्प. पुढं गेले, पुन्हा खसखस. पट्टीवाला समोरून आला, त्यांच्या पाठीकडं बघितलं आणि खोकत निघून गेला. शेवटी मावशींनी, कधी न बोलणाऱ्या मावशींनी, ‘साहेब, मागं बघा’ म्हटलं. शर्टाच्या कॉलरला मागून लाल टॅग बांधला होता.

त्यांनी तो सोडवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: वापरात नाही. निर्णय आणि जागा कोरे. अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. हळद, मोहरी, साखर, घरातल्या सगळ्या डब्यांवर हेच अक्षर होतं.

ते तडक वहिनींपाशी गेले. ‘तू?’

‘मीच,’ ती म्हणाली आणि खुर्चीवर धपकन बसून उठली. ‘कुणीही लावायचा असतो ना?’

बघूसाहेब लाल चौकोनाच्या कोपऱ्यात गेले. तिथं वाकड्या पायाची एक खुर्ची निर्णयाची वाट बघत पडली होती, तिच्यावर बसले. संताप आला होता, डोळेही भरून आले होते, आणि आपल्याला नक्की कशाचं रडू येतंय तेही ठरवता येत नव्हतं. हातात टॅग. वापरात नाही. पट्टीवाल्यानं सगळ्यांचा वेळ मोजला, पैलवानाचा मोजला, मावशींचा मोजला, चहावाल्याचाही मोजला. यांच्याजवळ घड्याळ घेऊन कुणी उभंच राहिलं नाही. काय मोजणार? उद्या कोण नसेल तर एकही खुर्ची कमी होणार नाही, हे त्यांना कार्डं आली त्याच दिवशी कळलं होतं. उत्तर तोंडात होतं. बघू बघू करून ते गिळत होते.

ते उठले. शर्ट झटकला. टॅग वहिनींच्या टेबलावर ठेवला आणि तिला काही न सांगता बाईंच्या खोलीत गेले.

‘नाव ठरलंय,’ ते म्हणाले. ‘माझं.’

बाईंनी मान वर केली. ‘काका, काहीतरीच काय?’

‘खात्यातला एक माणूस कमी करायचाय ना? मग मला करा. कार्डं आहेत, दोरी आहे, साहेब लागत नाही. चौघं राहू देत. पैलवानाला सुट्टी लागली तरी रांग अडणार नाही. वाटलं तर एकेकानं आठवडाभर कार्डांचं खोकं सांभाळावं. मी त्या सगळ्यांचं काम बघितलंय, माझं काही अडत नाही तिथं.’

बाईंनी पेन उघडलं, बंद केलं, खिडकीकडं बघितलं. नेमका पट्टीवाला तिथं नव्हता. मग त्या हळूच म्हणाल्या, ‘बघू.’

बघूसाहेबांचाच शब्द बघूसाहेबांच्या कानावर आला. समोरचा माणूस सगळं बळ एकवटून काहीतरी विचारतो आणि आपण त्याच्यासमोर हा एवढासा शब्द टाकतो, तेव्हा त्याला कसं होत असेल, ते त्यांना पहिल्यांदाच कळलं. सुट्टी मागणारे चेहरे, मशीन घेऊन दारात उभा टेम्पोवाला, सगळे डोळ्यांसमोरून गेले. आणि बाईंचा चेहराही ओळखीचा वाटला. तिलाही कुणाचं नाव घ्यायचं नव्हतं, म्हणून तर ते काम काकांच्या गळ्यात पडलं होतं. लीनबीन काही नाही, पोरीला भीती वाटत होती.

‘बघू नाही, बाई,’ ते म्हणाले. ‘आत्ता सांगा. मी उभा आहे.’

‘आत्ता?’

‘आत्ता.’

बाईंनी पेन खाली ठेवलं. ‘ठीक आहे, काका. मंजूर.’

आता खरं सांगू का? त्यांना वाटलं होतं, बाई म्हणतील, काका, तुमच्याशिवाय कसं होणार. निदान एकदा. निदान खोटं. ते तसेच थोडा वेळ उभे राहिले, कुणी काही म्हणतंय का याची वाट बघत. कुणी काही म्हटलं नाही. मग त्यांनी मान हलवली आणि बाहेर आले. छातीत दुखत होतं आणि हलकंही वाटत होतं.

खात्यात येऊन त्यांनी हात वर केला आणि दोरी ओढली. आजवर त्यांनी ती कधी ओढली नव्हती. दिवा लागला, रांग थांबली, चौघं धावत आले.

‘काय झालं साहेब? काय बिघडलं?’

‘काही नाही,’ ते म्हणाले. ‘तुम्ही चौघं राहताय. मी जातोय.’

पैलवानानं डोळे पुसले आणि डोळ्यात लोखंडाचा कीस गेला म्हणाला. मावशींनी साहेबांचा हात धरला आणि नुसताच धरून ठेवला. तेवढ्यात पट्टीवाला स्टॉपवॉच घेऊन पळत आला, ‘रांग का थांबली? थांबण्याचं कारण काय?’ वहिनींनी त्याच्याकडं असं बघितलं की तो आपणहून मांजराच्या चौकोनात जाऊन उभा राहिला. मग तिनं दोरी पुन्हा ओढली, दिवा विझला आणि सगळे कामाला लागले.

त्या संध्याकाळी बघूसाहेब बाजारात भाजीवालीसमोर उभे होते. बायको कामावरून यायची होती.

‘काय देऊ?’

‘बघू,’ ते सवयीनं म्हणाले. मग दचकले. ‘नाही, नाही. भोपळा द्या. तो मोठा.’

घरात भोपळा कुणालाच आवडत नव्हता. त्यांनाही नाही. पण त्यांनी तो चिरला, बोट कापलं, फोडणी जळवली आणि मीठ दोनदा घातलं. बायको आली, हात धुतले, बसली. एक घास खाल्ला. पाणी प्यायली. दुसरा घास खाल्ला.

‘भोपळा का?’

‘ठरवलं.’

‘आणि ते बाईंकडं जाणं? मला न विचारता?’

‘हो. तेही ठरवलं.’

खारट भोपळा तिनं पुन्हा वाढून घेतला आणि सगळा संपवला. मग उठून पर्समधून लाल टॅग काढला, चष्मा लावला, पेन शोधलं आणि ओट्यापाशी उभी राहून लिहायला लागली. बघूसाहेब मान लांब करून बघत होते. निर्णयाच्या रकान्यात तिनं लिहिलं: ठेवायचे. जागेच्या रकान्यात: ओट्याजवळ. खाली सही केली, आणि टॅग हळदीच्या डब्याला टेकवून उभा केला.

बघूसाहेबांनी तो टॅग पुन्हा पुन्हा वाचला.

‘अगं, पण मला विचारलंसुद्धा नाहीस,’ ते म्हणाले.

‘विचारलं असतं,’ ती भांडी गोळा करत म्हणाली, ‘तर तुम्ही बघू म्हणाला असतात.’